लेपाची परीक्षा

संगणकाची सारी गणिते करणारा भाग म्हणजे प्रोसेसर. काम करताना तो तापतो आणि तापमान सुमारे १०० अंश सेल्सियसच्या घरात पोहोचले, की स्वतःला वाचविण्यासाठी बहुधा आपली गती मंद करतो. म्हणून त्याच्यावर तांब्याचा वा ॲल्युमिनियमचा ठोकळा बसवितात. मग या दोहोंमध्ये लेप कशासाठी?

धातू कितीही गुळगुळीत दिसला, तरी त्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खळगे असतात. त्यांत हवा दडून बसते. हवा उष्णतेची दुर्वाहक आहे. तांबे तिच्याहून सुमारे १५,००० पट अधिक सुवाहक आहे. लेप या हवेला हुसकून लावून तिची जागा घेतो. मात्र तांब्याच्या मानाने लेपही मंदच. म्हणून त्याचा थर पातळ असावा.

लेप हाताशी नसताना काहींनी टूथपेस्ट लावून पाहिली आहे. प्रथम प्रोसेसर चांगला थंड राहतो. परंतु उष्णतेने तिच्यातील पाणी उडून जाते, ती वाळून भेगाळते आणि त्या भेगांतून हवा परत येते. गॅलियमच्या द्रवरूप मिश्रधातूची गोष्ट निराळी. तो उत्तम वाहक आहे. पण ॲल्युमिनियमला लागल्यास त्यात शिरून त्याला ठिसूळ करतो. शिवाय तो विजेचाही वाहक असल्यामुळे त्याचा एखादा ओघळ जवळच्या भागांवर गेला, तर यंत्र निकामी होऊ शकते.

यावरून, मुलांनो, एक गोष्ट ध्यानी येईल. पहिल्या तासाचा थंडावा ही लेपाची खरी परीक्षा नव्हे. तो महिनोन्महिने टिकतो काय आणि शेजारच्या धातूला अपाय करीत नाही ना, हे पाहिल्यावाचून त्याला उत्तम म्हणता येत नाही.