डोकं घेऊन जा, राव!

रोबोंच्या मारामारीचा पिक्चर म्हटलं की ऑफिसात एक वाक्य ठरलेलं असतं. 'डोकं घरी ठेवून जायचं, मग मजा येते.' लंचला डबा उघडता उघडता कुणीतरी हे म्हणतंच आणि बाकीचे समजूतदारपणे माना डोलावतात. मला हे साफ नामंजूर आहे. 'ट्रान्सफॉर्मर्स'ची खरी मजा डोकं सोबत नेणाऱ्यालाच येते. आम्हा सोलापूरकरांना तर जरा जास्तच.

आधी स्टोरीचं उरकून घेऊ. मायकल बेचा पहिला 'ट्रान्सफॉर्मर्स' जुलै २००७ मध्ये आला. अमेरिकेत तो 'समर', आपल्याकडे मात्र ते वारीचे दिवस. एक पोरगा सेकंडहँड गाडी घेतो, गाडी निघते परग्रहावरचा रोबो. मग चांगले रोबो, वाईट रोबो आणि मध्ये सापडलेलं बिचारं शहर. संपलं! मुळात ही खेळणी हो. जपानच्या ताकारा कंपनीची खेळणी घेऊन हॅस्ब्रोनं १९८४ मध्ये हा ब्रँड उभा केला. खेळण्यावरच्या पिक्चरकडून दिवाळी अंकातल्या कथेची अपेक्षा करणाऱ्यांनी खुशाल घरी बसावं.

मजा आहे ती मशीनमध्ये. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकच्या मंडळींनी ऑप्टिमस प्राइम हा एकटा रोबो दहा हजारांहून जास्त सुट्या भागांतून कॉम्प्युटरवर जोडला. ट्रकचा माणूस होताना हे भाग फिरतात, सरकतात, एकमेकांत घुसतात. ट्रकची पुढची काच थेट छातीवर येऊन बसते. नुसतं 'छू मंतर' करून आकार बदलला असता, तर दुसऱ्या वेळेला जांभई आली असती. इथं तुमची नजर एखादा पत्रा पकडते आणि तो कुठं जातो ते शोधत बसते. हे डोक्याचं काम नाही तर कशाचं?

आता सोलापूरचं. माझं बालपण पूर्व भागातलं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि कानात चोवीस तास यंत्रमागाची खटाखट. आमचे वडील, म्हणजे नान्ना, जॉबर होते. माग बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. चादरीवर मोर उमटतो, तो जकार्डमुळे. मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरते. भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. १८०४ च्या सुमाराला फ्रान्समध्ये निघालेली ही युक्ती. पुढं कॉम्प्युटरला हुकूम देणारी कार्डं निघाली, त्यांची ही आजीच. म्हणजे कार्डाच्या इशाऱ्यावर हलणारं लोखंड आम्ही शाळेत जायच्या आधीच पाहिलेलं!

पण त्या खटाखटीत नान्नांचे कान गेले. पन्नाशी उलटेपर्यंत त्यांना समोरच्याचं बोलणं नीट येईना. टॉकीजचा शौक असलेला माणूस पिक्चर बंद करून बसला. 'ओठ हलतात, कळत काही नाही,' म्हणायचे. रडारडीच्या कौटुंबिक पिक्चरला तर ते मुळीच यायचे नाहीत. 'ट्रान्सफॉर्मर्स'ला मी त्यांना जवळजवळ ओढतच नेलं. हिंदी डबिंग, हॉलमध्ये शिट्ट्या, कॉलेजची पोरं 'काय बे, काय बे' करत ओरडतायत. हायवेवर ऑप्टिमस धावत्या ट्रकचा उभा राहतो, तो सीन आला आणि नान्ना खुर्चीत पुढं सरकले. इंटरव्हलला मला विचारतात, 'तो खांद्याचा जोड बघितलास का? तेल कुठून सोडत असतील?' सगळ्या हॉलमध्ये हा प्रश्न पडलेला तो एकच प्रेक्षक असावा. तक्रारही एकच होती, बे साहेब कॅमेरा फार हलवतात. जोड नीट दिसेपर्यंत पुढचा शॉट! ती तक्रार मलाही शंभर टक्के पटते.

आणि त्यांना आवाज कळला, बरं का. कानानं नाही, छातीनं. रोबो जमिनीवर आदळला की खुर्ची हादरायची आणि ते हसायचे. या पिक्चरला साउंडची दोन ऑस्कर नामांकनं होती. त्यातल्या साउंड मिक्सिंगच्या टीममधल्या केविन ओ'कॉनेलचं हे विसावं नामांकन, आणि तोवर ऑस्कर एकही नाही! मिळालं ते थेट २०१७ मध्ये, 'हॅकसॉ रिज'साठी. या माणसाबद्दल मला उगाच जिव्हाळा वाटतो.

पुढचे भाग? २००९ चा विसरा. २०११ चा बघा, त्यात एक भला मोठा यांत्रिक अजगर शिकागोच्या काचेच्या इमारतीला वेटोळं घालतो. त्यानंतर मात्र पत्राच पत्रा, जीव कमी. वजन अनुभवायचं असेल तर गिएर्मो देल तोरोचा 'पॅसिफिक रिम' (२०१३). त्यातला रोबो पाऊल उचलतो तेव्हा कष्ट पडतायत हे दिसतं. आणि लहान भावंडांना घेऊन बसायचं असेल तर 'बम्बलबी' (२०१८), तिथं तो मूळ खेळण्यासारखा पिवळा बीटल झालाय.

हे सगळं मोबाइलवर बघू नका, प्लीज. सहा इंचात राक्षस मावत नाही. मोठा पडदा, मधली रांग, खाली थोडी हादरणारी खुर्ची, बस.

जून २०२४ मध्ये नाग अश्विनचा 'कल्की २८९८ एडी' आला आणि आमच्या घरी पुन्हा उत्साह. तेलुगू पिक्चर, प्रभास, वर बच्चनसाहेब अश्वत्थामा! पण नान्नांना त्या दोघांशी देणंघेणं नव्हतं. त्यांना बघायची होती 'बुज्जी', प्रभासची बोलकी गाडी, जी शेवटी रोबो होते. ही गाडी पिक्चरसाठी खरोखरच बनवली होती, रस्त्यावर चालणारी, वजन सुमारे सहा टन. मी हे त्यांना कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, आकडा दोनदा वाचला आणि विचारलं, 'सहा टनाला ब्रेक कुठले लावलेत?'