धावपटूचे रेंगाळणारे दुखणे

शर्यतीची तयारी करणाऱ्यांस टाचेमागील जुनाट कळ फार छळते. पिपलानीच्या भेल वसाहतीत पहाटे धावणाऱ्या बांधवांकडून ही तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. काही जण हट्टाने धावत राहतात, काही सराव पार सोडतात. दोन्ही मार्ग अहिताचेच होत. पोटरीस टाचेशी जोडणाऱ्या कंडरेला रक्तपुरवठा अल्प असल्याने ती सावकाश भरून येते, आणि पूर्ण विश्रांतीने दुबळी होते. तिला बेताचा भार हवा.

स्वीडनचे डॉ. आल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये यावर एक व्यायाम सुचविला. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून दुखऱ्या पायाची टाच हळूहळू खाली न्यावी. वर येताना दुसऱ्या पायाचा आधार घ्यावा. गुडघा सरळ ठेवून 15 च्या 3 आवृत्त्या व वाकवून तितक्याच, दिवसातून दोनदा, 12 आठवडे कराव्यात. सकाळी कळ वाढलेली आढळल्यास धावण्याचे अंतर घटवावे. सूज दिसताच डॉक्टरांस दाखवावे.

शर्यत हुकेल या भीतीने मात्र घाई करू नये. बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे घोट्याच्या दुखापतीमुळे 2018 च्या आशियाई स्पर्धांस मुकले. त्याच वर्षी भुवनेश्वरास त्यांनी स्टीपलचेसचा 37 वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला.