खोली एक, स्वभाव चार

पोटासाठी शहरात आलेल्या माणसाला एकट्याने खोली परवडत नाही. चौघे मिळून भाडे भरतात. चौघे आले म्हणजे चार स्वभाव आले. एक पहाटे पाचला उठून भांडी वाजवतो, दुसरा रात्री बारापर्यंत दिवा मालवत नाही. एक सारखा बोलतो, एक आठवडाभर तोंड उघडत नाही. मग कुरबुर सुरू होते. ती वाढली, तर माणूस खोलीच काय, लागलेली नोकरीही सोडून गावी परततो.

स्वभावाचे प्रकार पाडण्याचा खटाटोप फार जुना आहे. आपल्या आयुर्वेदाने वात, पित्त, कफ अशा प्रकृती सांगितल्या. ग्रीक वैद्य शरीरातल्या चार रसांवरून माणूस तापट की थंड ते ठरवीत. स्वित्झर्लंडमधले डॉक्टर कार्ल युंग यांनी १९२१ साली ग्रंथ लिहून अंतर्मुख आणि बहिर्मुख असे दोन प्रकार मांडले. अंतर्मुख म्हणजे आपल्याच मनात रमणारा. दिवसभर माणसांत वावरून आला, की त्याला शांतता हवी असते. बहिर्मुखाचे उलट. चार जण बोलायला भेटले, की त्याचा शीण जातो. हे दोघे एका खोलीत आले, की पहिला म्हणतो, "काय बडबड्या माणूस पदरी पडलाय!" दुसरा म्हणतो, "भारी शिष्ट आहे बुवा!" दोघांचाही समज चुकीचा.

आणि हे प्रकार म्हणजे ज्वारीची एक कणगी, बाजरीची दुसरी, असे नाही. फार उंच माणसे थोडी, फार बुटकी थोडी, बाकी सारी मधली; स्वभावाचेही तसेच आहे, असे आजचे मानसशास्त्रज्ञ मानतात. तेव्हा दोन दिवसांच्या ओळखीवर कुणाच्या कपाळी शिक्का मारू नये.

झोपेचेच पाहा ना. प्रत्येकाच्या अंगात झोपेचे एक घड्याळ असते. ते काही अंशी आईबापांकडून येते आणि वयाप्रमाणे बदलते. विशीच्या आसपास झोप उशिरा येते. वय वाढते तशी जाग लवकर येते. म्हणजे उशिरा उठणारा पोरगा आळशीच असेल असे नाही, आणि पहाटे उठणारे काका मुद्दाम छळत असतील असेही नाही. पण दिवा किती वाजता मालवायचा, हे तर ठरवता येते!

मुंबईच्या गिरणगावात हे पूर्वीच लोकांनी ओळखले होते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्याआधी एकेका गाळ्यात एकाच गावचे कितीतरी गडी राहात. बीडीडी चाळीतली खोली सुमारे १६० चौरस फुटांची. रातपाळीचा गडी कामावरून आला, की दिवसपाळीवाल्याच्या जागेवर पथारी टाकी. ट्रंकेची जागा ठरलेली, खुंटी ठरलेली, जेवण खाणावळीत. भांडणे तिथेही होत. पण कुणाचे काय हे ठाऊक असल्यामुळे भागे.

आपणही तसेच करावे. रागाच्या भरात बोलू नये; सुट्टीच्या दिवशी चहा घेताना विषय काढावा. "तू घाणेरडा आहेस" म्हटले, की समोरचा पेटतो. "ताटे रात्रीच धुऊन ठेवू या का?" म्हटले, तर निदान विचार करतो. ठरेल ते कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवावे. भाडे कोणत्या तारखेला, विजेच्या बिलात कुणाचा किती वाटा, पाणी भरण्याची पाळी कुणाची, दिवा कधी मालवायचा. आता आपल्याला लिहिता येते, मग तोंडी कशाला ठेवायचे?

मात्र चोरी, मारहाण, दारू पिऊन धिंगाणा याला 'त्याचा स्वभावच तसा' म्हणून सोसत बसू नये. घरमालकाला सांगावे, मारहाण झाली तर पोलिसांत जावे, आणि दुसरी खोली शोधावी. निघताना अनामत रक्कम अडकते, ती अशी: पैसे चौघांचे, पण पावती एकाच्याच नावे. म्हणून खोली घेतानाच कुणी किती रुपये दिले ते त्याच कागदावर लिहावे आणि चौघांनी खाली सह्या कराव्यात.