पावसाळ्यात दिसणारे पिवळेधमक बेडूक विषारी असतात का?

पहिला दमदार पाऊस झाला की जळगाव-धुळ्याकडच्या शेतांत, डबक्यांत, नाल्यांच्या काठी पिवळेधमक बेडूक दिसू लागतात. मग कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढतं आणि तो 'विषारी बेडूक' म्हणून ग्रुपवर फिरतो. जुलै 2020 मध्ये मध्य प्रदेशातल्या नरसिंहपूरचा असाच व्हिडिओ देशभर गाजला होता.

तर, हे बेडूक विषारी नाहीत. हा आपला नेहमीचाच मोठा बेडूक आहे. शास्त्रीय नाव होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस, इंग्रजीत इंडियन बुलफ्रॉग. एरवी तो मातकट-हिरवट असतो, त्यामुळे चिखलात नजरेला पडत नाही. विणीच्या काळात मात्र नर पिवळा होतो आणि गळ्याजवळच्या दोन स्वरपिशव्या गडद निळ्या दिसतात. मादी मातकटच राहते. थोडक्यात, ही नवरदेवाची हळद आहे! मादीचं लक्ष वेधायचं, डराव डराव करून बोलवायचं. वीण उरकली की रंगही उतरतो.

मग 'पिवळा म्हणजे विषारी' हे आलं कुठून? दक्षिण अमेरिकेतून. कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या वर्षावनांत फायलोबेटिस टेरिबिलिस नावाचा जेमतेम 5 सेंटीमीटरचा सोनेरी बेडूक राहतो. 1978 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली. त्याच्या कातडीत बॅट्रॅकोटॉक्सिन असतं. हे विष मज्जातंतू आणि हृदयाचं काम बिघडवतं. एका बेडकातलं विष सुमारे 10 माणसांना पुरेल असा अंदाज आहे. तिथले एम्बेरा आदिवासी फुंकनळीच्या बाणांना ते लावत. त्याचा भडक रंग म्हणजे शिकाऱ्याला इशारा, 'मला खाऊ नकोस'. गंमत म्हणजे पिंजऱ्यात जन्मलेल्या बेडकांत हे विष नसतं, कारण ते जंगलातल्या किड्यांच्या खाण्यातून येतं.

म्हणजे तिकडचा पिवळा रंग दूर ठेवतो, इकडचा जवळ बोलावतो. भीतीपोटी काठी उचलली जाते ती नेमकी विणीला जमलेल्या नरांवर, आणि नुकसान शेतकऱ्याचंच. कारण हा बेडूक कीटक, खेकडे, अगदी छोटे उंदीरही खातो. एकेकाळी त्याचे पाय परदेशात विकले जायचे. बेडूक कमी झाले, तेव्हा भारताने 1987 मध्ये ही निर्यात बंद केली.

बांधावर दिसलाच, तर लांबूनच फोटो काढा. चुकून हात लागला तर साबणाने धुवा, कारण बेडकाच्या कातडीवरचा चिकट स्राव डोळ्यांत गेला की चुरचुरतं.