सहावीत असतं तरी काय? काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

पाचवीचा निकाल लागला की पुष्कळ घरांत सुटकेचा निःश्वास टाकला जातो. पाचवीला वार्षिक परीक्षेचं दडपण होतं, कुणी जवाहर नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेला बसलेलं होतं. पुढचं दडपण थेट आठवीला. मधली सहावी आणि सातवी म्हणजे मोकळं रान, मुलानं नुसतं शाळेत जाऊन यायचं, असं पालक मोकळेपणानं बोलतात. या समजुतीचा फटका मुलांना बसतो, आणि तो दोन-तीन वर्षांनी दिसतो, म्हणून त्याचं मूळ कुणी सहावीत शोधत नाही. राज्य मंडळाच्या शाळेत पहिली ते आठवीच्या प्रवासातला सगळ्यात मोठा सांधा सहावीत आहे.

कायद्यानंही तो मानला आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलं आहे. सहावी ते आठवीसाठी तेच २२० दिवस आणि १००० तास होतं. भाषा, विज्ञान-गणित आणि सामाजिक शास्त्रं यांसाठी वेगवेगळे शिक्षक असावेत, ही अपेक्षाही सहावीपासूनच आहे. म्हणजे दिवसभर एकाच बाईंच्या नजरेखाली असलेलं मूल आता तासागणिक वेगळ्या शिक्षकांसमोर बसतं. प्रत्येकाची फळ्यावर लिहिण्याची पद्धत वेगळी, वह्या तपासण्याची पद्धत वेगळी. ज्या गावातली शाळा चौथी-पाचवीलाच संपते, तिथल्या मुलांच्या वाट्याला याच सुमाराला नवी शाळा आणि एसटीचा प्रवासही येतो. जूनमध्ये ही मुलं गोंधळलेली दिसतात, त्यात त्यांचा दोष नसतो.

विषयही बदलतात. पाचवीपर्यंतचा ‘परिसर अभ्यास’ संपतो आणि त्याच्या जागी सामान्य विज्ञान, भूगोल, इतिहास व नागरिकशास्त्र अशी वेगवेगळी पुस्तकं हातात पडतात.

गणिताबद्दलचा गैरसमज मला सगळ्यात जास्त खुपतो. ‘सहावीचं गणित म्हणजे पाचवीचंच, फक्त आकडे मोठे,’ असं मानलं जातं. बालभारतीचं २०१६ साली आलेलं सहावीचं पुस्तक चाळलं तरी हे खरं नाही हे कळतं. पूर्णांक संख्या, आणि त्यांत शून्याच्या अलीकडच्या ऋण संख्या, तिथे येतात. अपूर्णांकांचा गुणाकार-भागाकार येतो. समीकरण येतं, म्हणजे ठाऊक नसलेल्या संख्येच्या जागी अक्षर लिहायचं. मसावि-लसावि, गुणोत्तर, शेकडेवारी, नफा-तोटा, सरळव्याज हे सगळं याच वर्षातलं.

यातला अपूर्णांकांचा भागाकार जवळून पाहण्यासारखा आहे. ३ भागिले १/२ याचं उत्तर ६ येतं. विचार करणारं मूल इथे अडतं आणि विचारतं, ‘भागाकार केला तर उत्तर लहान यायला हवं, मग हे मोठं कसं आलं?’ हा प्रश्न फार मोलाचा आहे. चौथीपर्यंत त्याला भागाकारात उत्तर लहानच येताना दिसलं आहे. मोठी माणसं घाईत सांगून टाकतात, ‘उलटं कर आणि गुण.’ मूल तसं करतं, मार्कही मिळवतं, आणि प्रश्न तसाच राहतो. त्याऐवजी ताटातल्या ३ भाकरींचे अर्धे-अर्धे तुकडे करून मोजायला सांगावं. ६ तुकडे होतात. ‘३ मध्ये अर्धा किती वेळा बसतो’ हेच आपण विचारलं होतं, हे त्याला दिसतं. मग पाऊण भागिले एक अष्टमांश हेही ते स्वतः सोडवतं, कारण पावणात अष्टमांश ६ वेळा बसतो.

ऋण संख्यांचंही तसंच. उणे ७ आणि उणे ३ यांत मोठी संख्या कोणती, असं विचारलं की बरीच मुलं उणे ७ म्हणतात, कारण ७ मोठा. लडाखमधल्या द्रासला एका रात्री तापमान उणे ७ आणि दुसऱ्या रात्री उणे ३ असेल, तर जास्त थंडी कधी, असं विचारून पाहावं. नववीत बीजगणित ‘डोक्यावरून जातं’ म्हणणाऱ्या मुलांशी बोलताना मला पुन्हा पुन्हा जाणवतं की त्यांची गाठ बीजगणितात नसतेच, सहावीच्या या दोन-तीन पाठांत असते.

आता भूगोल. ‘दुपारी बाराला सूर्य डोक्यावर येतो’ हे वाक्य आपण सगळेच म्हणतो आणि मुलंही तेच घेऊन वर्गात येतात. सहावीच्या भूगोलात अक्षवृत्तं-रेखावृत्तं शिकली की हे वाक्य किती ढोबळ आहे ते समजतं. सगळा महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर वर्षातून दोनच दिवस येतो. पुण्यात हे दिवस मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला असतात. डिसेंबरच्या शेवटी तर पुण्यात भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो. शिवाय आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेलं आहे आणि पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला, त्यामुळे खरी मध्यान्ह होते ती साडेबाराच्या आसपास. मेमध्ये शाळेला सुट्टी असते आणि जुलैत ढग असतात, म्हणून सूर्य डोक्यावर असतानाची शून्य सावली वर्गासोबत सहसा पाहता येत नाही. पण अंगणात एक काठी सरळ रोवून दर महिन्याला तिची सर्वांत आखूड सावली मोजणं कुठल्याही शाळेला जमण्यासारखं आहे. हा विषय पाठांतराचा आहे असं म्हणणाऱ्यांनी ही काठी एकदा तरी रोवून पाहावी.

इतिहासाबद्दल तक्रार अशी असते की चौथीत महाराजांचा इतिहास कसा रंगतो आणि सहावीत नुसत्या सनावळ्या येतात. सहावीच्या पुस्तकात हडप्पा, वैदिक काळ, महाजनपदं, मौर्य, सातवाहन असा प्राचीन भारत आहे, आणि तो दूरचा नाही. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा आपल्याच सोपाऱ्याला सापडला. सातवाहनांचं प्रतिष्ठान म्हणजे आजचं पैठण. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आजही गुहेच्या भिंतीवर आहे आणि घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. जुन्नर परिसरातल्या मुलांना तिथे न नेता ‘सातवाहनांची माहिती लिहा’ म्हणणं मला पटत नाही. नागरिकशास्त्र तर बरंचसं आपल्या आसपासचं आहे: ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका, जिल्हा प्रशासन. हे वर्ष चालू असताना मुलाला एकदा ग्रामसभेला मागच्या रांगेत बसवावं. तिथे त्याला पुष्कळ मिळेल.

‘आता नापास करत नाहीत, म्हणजे परीक्षेला अर्थ नाही’ हा गैरसमज अर्धवट माहितीतून आला आहे. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेवर मूल त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि महाराष्ट्रानं ती स्वीकारली. सहावीला ती लागू नाही, हे खरं. पण मूल्यमापन आहेच, आणि २०१० साली आखलेल्या पद्धतीत सहावीला निम्मा भार आकारिक मूल्यमापनाचा आणि निम्मा संकलित मूल्यमापनाचा आहे. संकलित म्हणजे सत्राअखेरची परीक्षा. आकारिक म्हणजे वर्षभराचं निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, छोट्या चाचण्या, स्वाध्याय. शेवटच्या आठवड्यात घोकंपट्टी करून हा अर्धा भाग भरून निघत नाही. प्रकल्प म्हणजे दुकानातून चित्रं आणून आईनं रात्री जागून चिकटवायचा कागद, ही पद्धत म्हणूनच थांबायला हवी. मुलानं स्वतः वेड्यावाकड्या अक्षरात केलेली नोंद शिक्षकांना त्याच्याबद्दल काही सांगते, आईनं केलेली सुबक नोंद काहीच सांगत नाही. पालक सभेला गेल्यावर श्रेणीच्या पुढे मुलाबद्दलच्या वर्णनात्मक नोंदीही वाचायला मागाव्यात. त्या असतात, आणि पालक त्या सहसा मागत नाहीत.

बदल अभ्यासाबाहेरही होतो. अकरा-बारा वर्षांचं मूल अचानक जास्त खातं, चिडतं, आरशासमोर रेंगाळतं. त्याला ‘वळण बिघडलं’ म्हणू नये, शरीर वाढत असतं. शाळेच्या पोषण आहारातही हे धरलेलं आहे. पाचवीपर्यंत दिवसाला १०० ग्रॅम धान्य आणि ४५० उष्मांक, तर सहावीपासून १५० ग्रॅम आणि ७०० उष्मांक. लोहाची साप्ताहिक गोळीही या वयात गुलाबीची निळी होते, ती मुलगे आणि मुली दोघांसाठी असते. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळतं, म्हणून जेवणानंतर द्यावी. कधीकधी शौचाचा रंग काळपट होतो, त्याला घाबरून गोळी बंद करू नये. ‘पाळीबद्दल एवढ्या लवकर कशाला बोलायचं’ हा गैरसमज तर तातडीनं सोडावा. बऱ्याच मुलींची पाळी सहावी-सातवीत सुरू होते. आधी काही सांगितलेलं नसेल तर शाळेच्या स्वच्छतागृहात एकट्या मुलीला जी भीती वाटते, ती तिच्या वाट्याला येण्याचं काहीच कारण नाही.

राहिली नवोदय आणि सैनिकी शाळेची गोष्ट. सहावीच्या प्रवेशाची निवड यादी लागते आणि नाव नसलेलं मूल स्वतःला ‘ढ’ समजू लागतं, कारण घरातलेच तसं बोलतात. नवोदयच्या एका विद्यालयात सहावीला साधारण ८० जागा असतात. त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी आणि किमान एक तृतीयांश मुलींसाठी. एका अख्ख्या जिल्ह्यातून इतकीच मुलं घेतली जातात, म्हणून बाहेर राहिलेल्यांत हुशार मुलंच जास्त असतात. सहावीच्या प्रवेशासाठी नवोदयची परीक्षा एकदाच देता येते, हे खरं. पण रिकाम्या जागांसाठी नववीला पुन्हा प्रवेश परीक्षा होते, आणि साताऱ्यासारख्या सैनिकी शाळेतही सहावीबरोबर नववीला प्रवेश असतो. त्यासाठी लागणाऱ्या गणिताची तयारी सहावीच्या पुस्तकातच सुरू होते.