स्वस्त गेमपॅड घेताना पैसा कुठे लावावा?

लेखमाला : घरचा संगणक – लेखांक ९

परीक्षा संपत आल्या. थोड्याच दिवसांत अमरावती-अकोल्याचा पारा ४५ अंशांकडे सरकेल, भर दुपारी घराबाहेर पाऊल टाकवणार नाही आणि मावसभाऊ-आतेभाऊ जमलेल्या घरांत कूलरसमोर संगणक सुरू होईल. मागच्या लेखांकात जुन्या संगणकाला रॅम आणि एसएसडी कशी जोडायची ते आपण पाहिलं. असा संगणक हलके आणि थोडे जुने गेम नीट चालवतो. त्यानंतर पोट्ट्यांची पुढची मागणी ठरलेली असते : गेमपॅड.

ही मागणी मला उधळपट्टीची वाटत नाही. एका कीबोर्डवर दोघांनी खेळायचं म्हणजे चार हातांची गर्दी. त्यात साध्या कीबोर्डवर एकाच वेळी तीन-चार कळा दाबल्या की त्यातली एखादी उमटतच नाही आणि भांडण सुरू होतं. गेमपॅड आला की एकट्यानं खेळायचा संगणक दोघा-चौघांचा होतो. पण घरखर्चातून काढलेले हजार-दीड हजार रुपये चुकीच्या वस्तूवर गेले, तर दुसऱ्यांदा मागायची सोय राहत नाही. म्हणून आजचा सगळा लेखांक एकाच प्रश्नावर : पैसे मोजकेच असतील तर ते कुठे लावावेत? माझं उत्तर असं : रंगीत दिवे आणि वायरलेसची हौस बाजूला ठेवा; एक्सइनपुट (गेमला कळणारी गेमपॅडची भाषा), चांगली स्टिक (अंगठ्यानं कलवायची दांडी) आणि पक्कं बिल या तीन गोष्टींवर अडून बसा.

आधी खेळ पाहा

गेमपॅड सगळ्याच खेळांना लागत नाही. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारख्या नेमबाजीच्या खेळात माऊसच सरस ठरतो. व्हॅलोरंटच्या संगणकावरच्या आवृत्तीत तर गेमपॅड चालतच नाही. घरात तेवढंच खेळलं जात असेल तर हे पैसे चांगल्या माऊसला द्या.

फुटबॉल (२०२३ पर्यंत जो फिफा नावानं यायचा आणि आता ईए स्पोर्ट्स एफसी म्हणून येतो), गाड्यांच्या शर्यती, टेकनसारखे मारामारीचे खेळ, उड्या मारत पुढे जायचे खेळ, यांत मात्र गेमपॅडला पर्याय नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये काढलेला ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ यातल्या उड्यांच्या खेळांच्या जातीचा. आपल्या महाराष्ट्रात घडलेला हा खेळ गेमपॅडवर खेळून पाहा. राजीच्या उड्या आणि भिंतीवरची धाव अंगठ्याखाली किती सहज येते ते कळेल.

याचं कारण साधं आहे. कीबोर्डची कळ दाबलेली असते किंवा नसते. मधलं काही तिला सांगता येत नाही. शर्यतीच्या खेळात गाडी थोडीशी वळवायची असेल तर ती कळ टकटक दाबत राहावी लागते. गेमपॅडची स्टिक मात्र आपण ती किती कलवली हे आकड्यांत सांगते. एक्सइनपुट पद्धतीत स्टिकच्या प्रत्येक अक्षासाठी उणे ३२७६८ ते अधिक ३२७६७ इतके टप्पे असतात आणि ट्रिगरसाठी, म्हणजे तर्जनीखालच्या दाबायच्या बटणांसाठी, ० ते २५५. अॅक्सिलरेटर हलकेच दाबणं हे या टप्प्यांमुळे जमतं.

‘भाऊ, हे पीसीले चालते का?’

अमरावतीच्या जयस्तंभ चौकात विचारा की अकोल्याच्या गांधी रोडवर, उत्तर बहुधा एकच मिळतं : ‘सगळ्याले चालते!’ दुकानदार खोटं बोलत नसतो. यूएसबीचा कोणताही गेमपॅड विंडोजला दिसतो. पण विंडोजला दिसणं वेगळं आणि गेमला कळणं वेगळं.

विंडोजमध्ये गेमपॅडची भाषा दोन प्रकारची. जुनी डायरेक्टइनपुट आणि नवी एक्सइनपुट. २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० आला, त्याच्याबरोबर एक्सइनपुट आलं, आणि पुढच्या काळातले बहुतेक गेम हीच भाषा गृहीत धरून लिहिले गेले. एक्सइनपुटचा गेमपॅड लावला की बटणं आपोआप जागच्या जागी बसतात आणि पडद्यावर ‘ए दाबा’ असं आलं की हातात ए हेच बटण असतं. अशा चार गेमपॅडपर्यंत एकाच संगणकावर खेळता येतं. जुन्या भाषेच्या गेमपॅडवर मात्र प्रत्येक गेमसाठी बटणं नव्यानं जुळवावी लागतात आणि कित्येक गेम त्याची दखलच घेत नाहीत.

ओळखायचं कसं? बटणांवर ए, बी, एक्स, वाय अशी अक्षरं असतील तर एक्सइनपुटची शक्यता जास्त. १, २, ३, ४ असे आकडे असतील तर बहुधा तो जुन्या भाषेचा. पण अंदाजावर राहू नका. खोक्यावर एक्सइनपुट हा शब्द छापलेला आहे का ते वाचा. काही गेमपॅड दोन्ही भाषा बोलतात. लॉजिटेकच्या एफ३१० या २०१० पासूनच्या मॉडेलला पाठीमागे एक्स आणि डी असं छोटं स्विच आहे. नवा गेम एक्सवर, फार जुना गेम डीवर. इतर काही कंपन्यांच्या गेमपॅडमध्ये हाच बदल मधलं बटण काही सेकंद दाबून धरल्यावर होतो.

घरात आधीचा जुन्या भाषेचा गेमपॅड पडला असेल तर टाकून देऊ नका. स्टीममधून खेळत असाल तर त्याच्या सेटिंगमध्ये कंट्रोलरचा भाग असतो. तिथे बटणं एकदा ओळखवून दिली की स्टीम तो गेमपॅड एक्सइनपुटसारखा वापरू देतं. सुटीत जमलेल्या पाहुण्या पोरांसाठी दुसरा गेमपॅड फुकटात तयार होतो.

एक सापळा लक्षात ठेवा. मोबाइलसाठी बनवलेले काही गेमपॅड फक्त ब्लूटूथवर चालतात आणि आपल्याकडच्या कित्येक डेस्कटॉप संगणकांना ब्लूटूथच नसतं. घेण्याआधी केबल किंवा यूएसबी डाँगल येतो का, ते विचारा.

स्टिकच्या आत काय आहे

गेमपॅडची बटणं सहसा लवकर खराब होत नाहीत. खराब होते ती स्टिक. काही महिन्यांनी आपण हात न लावताही खेळाडू आपोआप एका बाजूला चालू लागतो. याला ड्रिफ्ट म्हणतात.

साध्या स्टिकमध्ये दोन पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. कार्बनच्या पट्टीवरून धातूचा बारीक स्पर्शक घासत फिरतो आणि तो कुठे आहे यावरून व्होल्टेज ठरतं. जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण फिरवताना खरखर यायची, तिथेही हीच पट्टी असायची. ती झिजली, तिच्यावर धूळ बसली, की मधला बिंदू सरकतो. आपल्याकडे उन्हाळ्यात कितीही पुसलं तरी तासाभरात टेबलावर धुळीचा थर येतो. ही धूळ स्टिकच्या घुमटाखालून आत जाते.

याला उपाय म्हणजे हॉल इफेक्टची स्टिक. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये दाखवून दिलं की वीजप्रवाह वाहत असलेल्या वाहकाजवळ चुंबक आणला की त्या वाहकाच्या आडव्या दिशेनं व्होल्टेज निर्माण होतं. या स्टिकमध्ये चुंबक हलतो आणि सेन्सर त्याला स्पर्श न करता मोजतो. घासणंच नाही, म्हणून पट्टी झिजण्याचा प्रश्न नाही. सेगाच्या ड्रीमकास्टच्या गेमपॅडमध्ये हे तंत्र नव्वदच्या दशकाच्या अखेरीसच होतं. गेल्या काही वर्षांत ते स्वस्त गेमपॅडमध्येही आलं आहे. आतली स्प्रिंग मात्र याही स्टिकमध्ये सैल होऊ शकते, तेव्हा ‘कधीच बिघडत नाही’ असं कुणी म्हणालं तर ते पूर्ण खरं मानू नका.

एकाच कंपनीच्या एका मॉडेलमध्ये हॉल इफेक्ट असतो, दुसऱ्यात नसतो. काही ठिकाणी तो फक्त ट्रिगरला असतो आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापतात. म्हणून ‘स्टिकला आहे का?’ असं नेमकं विचारा. दीड-दोनशे रुपयांचा फरक असेल तर तो दिव्यांऐवजी इथे द्या.

साध्या स्टिकचा गेमपॅड घेतलात तरी हरकत नाही. खेळून झालं की स्वच्छ कपड्यात गुंडाळून ठेवा. थोडा ड्रिफ्ट आला तर गेमच्या सेटिंगमध्ये डेडझोन वाढवा, म्हणजे मधली बारीक थरथर गेम मोजत नाही. जास्त बिघडला तर स्टिकचा सुटा भाग मिळतो आणि मोबाइल दुरुस्तीचं काम करणारा सराईत कारागीर तो डाग देऊन बदलू शकतो.

वायर की वायरलेस?

कमी पैशात घ्यायचा असेल तर मी वायरवालाच सुचवतो. त्याला बॅटरी लागत नाही, चार्जिंग नाही, डाँगल हरवण्याची भीती नाही. त्याच किमतीच्या वायरलेसमध्ये बॅटरी आणि रेडिओवर खर्च होणारा पैसा इथे स्टिकवर लागण्याची शक्यता अधिक.

वऱ्हाडात याला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे ऊन. लिथियम-आयन बॅटरी चार्ज करण्यासाठी साधारण ० ते ४५ अंश ही मर्यादा मानली जाते. मे महिन्यात बाहेरचं तापमानच तिथे पोचतं. पत्र्याच्या खोलीत किंवा बंद कारमध्ये त्याहून जास्त. अशा उन्हाळ्यांत बॅटरी लवकर थकते आणि स्वस्त गेमपॅडची बॅटरी बदलून मिळणं कठीण. वायरलेस घ्यायचाच असेल तर रात्री किंवा सकाळी, कूलरच्या खोलीत चार्ज करा. डाँगलही शक्यतो निळ्या यूएसबी ३ पोर्टला न लावता काळ्या यूएसबी २ पोर्टला लावा. यूएसबी ३ वरच्या माहितीच्या वाहतुकीतून निघणारा रेडिओगोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या डाँगलला त्रास देतो.

मऊ रबरी लेपाच्या मुठींपासूनही जपा. हातात छान वाटतात, पण उष्णता आणि घाम यांनी हा लेप काही वर्षांत चिकट होतो. साधं खडबडीत प्लास्टिक इथे जास्त टिकतं.

वायरलेस म्हणजे बटण दाबल्यावर उशिरा काम, ही भीती मात्र थोडी बाजूला ठेवा. वायरचा साधा यूएसबी गेमपॅडही सेकंदाला १२५ वेळाच माहिती पाठवतो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं येत असतील तर एक चित्रच सुमारे १७ मिलिसेकंद टिकतं. म्हणून घरगुती खेळासाठी १००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १००० वेळा माहिती पाठवण्याच्या, जाहिरातीवर जास्त पैसे घालायची गरज नाही.

दुकानातली पाच मिनिटं

लॅपटॉप असेल तर सोबत न्या, नसेल तर दुकानातल्या संगणकावर लावून दाखवायला सांगा. विंडोजची कळ आणि आर एकदम दाबा. उघडलेल्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत जे-ओ-वाय, टिंब, सी-पी-एल असं लिहून एंटर करा. गेमपॅडचं नाव दिसेल. प्रॉपर्टीजवर गेलात की तपासणीचा पडदा येतो.

स्टिक सोडून द्या आणि चौकोनातली फुली मध्यावर स्थिर राहते का ते पाहा. मग स्टिक कडेनं सावकाश गोल फिरवा; फुली सगळ्या बाजूंना टोकापर्यंत गेली पाहिजे. ट्रिगर हळूहळू दाबा. रेघ हळूहळू सरकली तर ट्रिगर खरा अॅनालॉग. एकदम उडी मारली तर तो फक्त बटण आहे आणि गाड्यांच्या खेळात निराशा करेल. दोन्ही ट्रिगर एकदम दाबल्यावर रेघ मध्येच राहिली तर घाबरू नका. या जुन्या पडद्यावर दोन्ही ट्रिगर एकाच अक्षावर दाखवले जातात. शेवटी ज्याच्यासाठी घ्यायचा त्या मुलाच्या हातात द्या. दहा वर्षांच्या हाताला सगळ्या बटणांपर्यंत अंगठा पोचतो का, हे खोक्यावर लिहिलेलं नसतं.

बिल पक्कं घ्या आणि वॉरंटीचं काम इथेच होणार की कुरिअरनं बाहेरगावी पाठवावं लागणार, ते त्याच वेळी विचारून ठेवा. ऑनलाइन मागवलात तर खोकं उघडताना व्हिडिओ काढा आणि बदलून देण्याची मुदत संपायच्या आत गेमपॅड भरपूर वापरून घ्या. बहुतेक दोष तेवढ्यात दिसतात. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. रक्कम लहान आहे म्हणून गप्प बसू नये.

किती पैसे, कशासाठी

पाच-सातशेच्या आत मिळतात ते बहुतेक जुन्या भाषेचे, आकड्यांच्या बटणांचे. याच भावात नामांकित कंपनीचा ठसा असलेले ‘ओरिजिनल’ दाखवले तर ते नक्कल समजा. हजार ते दोन हजारांत वायरवाले एक्सइनपुट गेमपॅड मिळतात. लॉजिटेक, तसंच कॉस्मिक बाइट, रेडगियर, इव्होफॉक्स, अँट ईस्पोर्ट्स, झेब्रॉनिक्स ही नावं याच परिसरात फिरतात. बहुतेक घरांसाठी इथेच थांबणं योग्य. एफ३१० ला थरथरणारी मोटर नाही. ती नसल्यानं खेळात काही अडत नाही. दोन ते साडेतीन हजारांत हॉल इफेक्टची स्टिक आणि चांगलं वायरलेस एकत्र मिळू शकतं. पाच हजारांच्या पुढचे गेमपॅड उत्तम असतात, पण नव्यानं खेळणाऱ्याला त्यातला फरक पहिल्या वर्षात जाणवणार नाही.

आणि हातात तीन हजार असतीलच, तर एक भारी वायरलेस घेण्याऐवजी दोन चांगले वायरवाले घ्या. सुटीतल्या दुपारी घरात पोट्टे दोन असतात, तीन असतात, शेजारचंही येतं. सगळ्यांना खेळता येणं हाच या खर्चाचा खरा उपयोग आहे.

पुढच्या लेखांकात : घरचा टीव्ही संगणकाला पडदा म्हणून कसा जोडायचा, आणि त्यासाठी कोणती केबल घ्यायची.