गोचीड आणि हरिण

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं गाय आहे, त्यांनीं तिच्या कानाला चिकटलेली गोचीड खास पाहिली असेल. गायीस मनुष्याचे हात तरी साह्य करितात. परंतु आफ्रिकेच्या रानांतील हरणांनीं व रानरेड्यांनीं काय करावें?

गोचीड हा कीटक नव्हे. कोळी व विंचू यांच्याच वर्गांतील तो आठ पायांचा जीव होय. गवताच्या टोंकावर पुढचे पाय पसरून ती वाट पाहते, व जनावराच्या श्वासाची चाहूल लागतांच त्याच्या अंगास चिकटते. मादी कित्येक दिवस रक्त पिऊन टम्म फुगते, मग खालीं गळून पडून हजारों अंडीं घालते. लहान पाडसावर अशा पुष्कळ गोचिडी बसल्या तर त्याची वाढच खुंटते.

इंपाला नांवाच्या हरणानें यावर जी तोड काढली आहे ती आम्हांस मोठी मौजेची वाटते. त्याचे खालचे पुढील दांत फणीचें काम करितात. कंड सुटण्याची वाट न पाहतां तें ठराविक वेळानें अंग विंचरीत असतें. जितकें जनावर लहान, तितकें हें विंचरणें अधिक. कारण गोचीड तेवढीच असली, तरी लहान देहास तिचा भार जास्त होतो. मात्र स्वतःच्या मानेपर्यंत व डोक्यापर्यंत दांत पोहोंचत नाहींत. तेव्हां दोन इंपाला समोरासमोर उभे राहतात. एक दुसऱ्याची मान थोडा वेळ विंचरतो व थांबतो, मग दुसरा त्याची फेड करितो. नातें असलेंच पाहिजे असें नाहीं, पण उधारी फार वेळ चालत नाहीं!

या कामीं वेळ जातो, आणि तेवढा वेळ वाघरांवरची नजर ढळते. विणीपूर्वीच्या झुंजींच्या दिवसांत आपली हद्द राखणाऱ्या नरास तर उसंतच नसते. म्हणून त्याच्या अंगावर मादीहून कितीतरी अधिक गोचिडी आढळतात.

साळुंकीच्या नात्यांतले ऑक्सपेकर पक्षी जनावरांच्या पाठीवर बसून गोचिडी टिपतात. त्यांस निव्वळ परोपकारी मात्र समजूं नये. जखम उकरून ते रक्तही पितात.

रानरेड्याच्या रक्तांतील एक सूक्ष्म जंतु त्यास सहसा बाधत नाहीं. परंतु कानांत बसणाऱ्या तपकिरी गोचिडीनें तो गायीस पोंचविला कीं, ती बहुधा दगावते. हा ईस्ट कोस्ट ज्वर पूर्व आफ्रिकेंत अद्यापि आहे. १९०२ च्या सुमारास तो दक्षिणेंत शिरला, तेव्हां गुरें सोमलाच्या पाण्यांत बुचकळून काढण्याची चाल सर्वत्र पडली. गुरें वांचलीं, पण गोचिडी नाहींशा झाल्या व ज्या उरल्या त्या विषारी ठरल्या. त्यामुळें पिवळ्या चोंचीचा ऑक्सपेकर दक्षिण आफ्रिकेंतून पार नाहींसा झाला. पुढें सौम्य औषधें आलीं, आणि १९७९ सालीं तो क्रूगर राष्ट्रीय उद्यानांत रानरेड्यांच्या पाठीवर पुन्हा दिसूं लागला.